कुंदा, प्रोजेक्टर मी बंद केला

कुंदा, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि तू गेलीस म्हणून मी माघार घेतलेली नाही.

शोकसभेत सगळे तुझ्याविषयी चांगलं बोलले. माझ्या हातात माईक आला तेव्हा मी तो शेजारच्या सरांकडे सरकवला. सगळ्यांना वाटलं, बिचारीला हुंदका आवरत नाही. तसं काही नव्हतं. मला तुझ्याविषयी बोलायचंच नव्हतं, तुझ्याशी बोलायचं होतं, आणि तुझ्याशी मी माईकवरून कधी बोललेली नाही. त्या सभेला आता साडेतीन महिने झाले. कॉलेजात बरंच काही घडलं. तुला ते माझ्याशिवाय कोण सांगणार?

पण आधी भांडण.

कॉलेजं बंद झाली त्या वर्षी मी लॅपटॉपसमोर बसून काळ्या चौकोनांना गणित शिकवत होते. चौकोनांत नावं होती, चेहरे नव्हते. 'समजलं का?' म्हटलं की खाली कोणीतरी 'यस मॅम' असं टाइप करायचं. एकदा तास संपून अर्धा तास झाला तरी एका मुलीचं नाव तिथंच होतं. मला वाटलं, तिला काही विचारायचं असेल. मी तिला तीनदा हाक मारली. ती कधीचीच उठून गेली होती. त्या दिवशी मी लॅपटॉप मिटला आणि तुला फोन करून म्हटलं, "हे शिकवणं नाही, कुंदा. हे भिंतीशी बोलणं आहे."

तू म्हणालीस, "मग भिंतीशी कायले बोलतं वं? माह्याकडे ये, दाखवते."

तुझ्या स्वयंपाकघरात दोन डब्यांवर लाकडी पट्टी आडवी टाकून तू फोन पालथा ठेवला होतास. खाली जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून ठेवलेली. व्हिडिओत फक्त तुझा हात, जाड स्केचपेन आणि आवाज. चेहरा कधीच नाही. सात-आठ मिनिटं झाली की थांबायचं. मी विचारलं, एवढे तुकडे कशाला? तू म्हणालीस, "फाईल मोठी झाली का पोरींच्या फोनमध्ये उतरत नाही. गच्चीवर चढून नेटवर्क पाहतात त्या." कुकरची शिट्टी झाली की तू थांबायचीस, शिट्टी संपली की 'हं' म्हणून पुढे जायचीस. एका व्हिडिओत तुझं चिन्ह चुकलं. पाच मिनिटांनी तुझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, परत रेकॉर्ड कर. तू केलं नाहीस. त्या व्हिडिओत तू म्हणतेस, "हे पाहा, मी चुकली. कुठं चुकली ते शोधा. मी थांबून राहिली." आणि खरंच थांबतेस.

"विद्यापीठाचं गणित आहे ते," मी तुला म्हटलं होतं. "जरा बरं बोल, चुका काढून टाक."

"काहून? चूक कशी सापडते, हे कुठं शिकतीन मग ते?"

कॉलेजं उघडली आणि आम्ही सगळे धावत खडूकडे परत गेलो. मी सर्वांत पुढे. तू गेली नाहीस. तू व्हिडिओ आदल्या दिवशी पाठवायचीस आणि वर्गात पोरांना नुसती उदाहरणं सोडवायला बसवायचीस. तू बाकांमधून फिरायचीस, कोणाच्या खांद्यावरून वाकून पाहायचीस. तुझ्या वर्गात इतका गोंगाट व्हायचा की पलीकडे शिकवताना मला आवाज चढवावा लागायचा. आणि आता कबूल करते, माझ्या वर्गातली पोरंही तुझे व्हिडिओ पाहून यायला लागली, तेव्हा मला ते लागलं होतं. सव्वीस वर्षं मी फळ्यावर घालवली होती. माझं अक्षर पाहायला दुसऱ्या कॉलेजातले लोक यायचे. आणि एका पालथ्या फोनपुढे ते सगळं जुनं झालं.

म्हणून मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "मला शिकवताना चेहरे लागतात. फोनमधून गणित शिकवता येत नाही."

तू डबा खात होतीस. घास हातात ठेवून तू म्हणालीस, "तुले चेहरे लागतात, बरोबर आहे. पण जिचा चेहरा वर्गात येऊच शकत नाही, तिनं काय करायचं?"

"तिनं वही मागून घ्यावी. तू नाही घेतलीस माझी?"

तेव्हा तू मला ती गोष्ट सांगितलीस जी तीस वर्षं सांगितली नव्हतीस. एम.एस्सी.ला आपण एका बाकावर बसायचो. मी शहरातल्या महाल वस्तीतली, कारकुनाची मुलगी, सायकलवर पंधरा मिनिटांत वर्गात. तू उमरेडकडून एस.टी.नं यायचीस, आणि मिरचीच्या तोडणीत पंधरा-पंधरा दिवस यायचीच नाहीस. परत आलीस की माझी वही न्यायचीस. मला वाटायचं, केवढा आधार देते मी हिला. तू शांतपणे म्हणालीस, "तुह्या वहीत काय होतं सांगू? तुले जे समजलं नाही ते तू पूर्ण लिहिलं. जे समजलं ते गाळलं. मले नेमकं तेच पाहिजे होतं. एकेका गाळलेल्या ओळीवर मी दोन-दोन दिवस बसली वं."

मला राग आला. खरं ऐकलं की मला राग येतो, हे तुला माहीत होतं. आणि त्या रागात मी जे बोलले ते आजही माझ्या कानात आहे. मी म्हटलं, "कर मग रेकॉर्ड सगळं. एक दिवस हे लोक तुझे व्हिडिओ ठेवून घेतील आणि तुला घरी पाठवतील."

तू हसलीस. "पाठवू दे न. पोरं मले घरून उचलून आणतीन."

माझं बोलणं खरं ठरलं, कुंदा. खरं ठरण्यात इतका कडवटपणा असतो हे मला माहीत नव्हतं.

मग तुझ्या किडन्या गेल्या. धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलात आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. शनिवारी मी यायचे. डाव्या हाताला नळ्या लावलेल्या, उजव्या हातात फोन, आणि तू कोणाला तरी समजावून सांगते आहेस, "बेटा, आधी डोमेन लिही. डोमेन लिहिल्याशिवाय पुढं पाय टाकू नको." शेजारच्या खाटेवरचे काका तुझं ऐकत पडून असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, डोमेन म्हणजे काय असते?" आणि तू त्यांनाही शिकवलंस. मी तुला रागावले. म्हटलं, "या मशीनला लावलं आहे तुला, इथंसुद्धा कॉलेज?"

"मग काय करू? छताचे चौकोन मोजू?"

एप्रिलमधल्या एका शनिवारी तू मला एक काम सांगितलंस. तुझी मालिका पूर्ण होत आली होती, फक्त शेवटचं प्रकरण, इंटिग्रेशनचं, राहिलं होतं. घसा बसला होता तुझा, दोन वाक्यांत धाप लागायची. तू म्हणालीस, "हे एक तू रेकॉर्ड कर न वं. तुह्या आवाजात. पोरं ओळखतात तुले."

मी नाही म्हटलं.

"एकच प्रकरण आहे."

"नाही, कुंदा. तू बरी हो आणि तूच कर. मी त्या पट्टीखाली हात घालून बसणार नाही."

तू फोन बाजूला ठेवलास आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, रुसलीस. आता वाटतं, थकली होतीस. तीन आठवड्यांनी तू गेलीस.

तुला एक सांगायचं राहून गेलं. तत्त्व म्हणून नव्हे, निव्वळ अहंकारापोटी राहून गेलं. युनिफॉर्म कन्व्हर्जन्स मी इतकी वर्षं शिकवलं. व्याख्या तोंडपाठ, सिद्धता तोंडपाठ, पोरांनी विचारलं तर उत्तरही तयार. पण ते आतून मला कधी उमगलं नव्हतं. कॉलेजं बंद होती तेव्हा एका दुपारी, दार लावून, मी तुझा तो व्हिडिओ पाहिला. तू म्हणतेस, "एस.टी.नं सगळे आपापल्या वेळेनं पोहोचतात, कोणी सकाळी, कोणी संध्याकाळी. ते साधं पोहोचणं झालं. पण वर्गाची सहल असली, तर शेवटचं लेकरू पोहोचल्याशिवाय सर म्हणू शकत नाही का आपण पोहोचलो. हा फरक आहे. एवढाच." मी तो व्हिडिओ चारदा पाहिला. त्याच्या पुढच्या वर्षापासून मी ते तसंच शिकवते, तुझं नाव न सांगता. आता सांगते, वर्गात, प्रत्येक बॅचला. पण तुला सांगायला हवं होतं.

आता पुढचं ऐक.

जूनच्या शेवटी कॉलेज उघडलं आणि शोकसभा झाली. प्राचार्य साहेब उठले आणि म्हणाले, "कुंदा मॅडम आपल्यातून गेलेल्या नाहीत. त्या आपल्या सर्व्हरवर आहेत." काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. मूल्यांकन समिती येणार म्हणून दोन वर्षांपूर्वी तुझे सगळे व्हिडिओ मागून घेतले होते, आठवतं? तेच. साहेबांनी जाहीर केलं की जुन्या अकरा नंबरच्या खोलीत मोठा पडदा लावून तिला तुझं नाव द्यायचं. तुझा नवरा म्हणून दिलीपभाऊंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांनी रुमालानं डोळे पुसले. मलाही त्या क्षणी ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी वेळापत्रक लागलं. तुझे सगळे तास तुझ्याच नावावर होते. पुढे कंसात 'रेकॉर्डेड'. तुझी जागा भरायची मंजुरी वरून आली नाही म्हणे, आणि येईपर्यंत काय करायचं, तर व्हिडिओ आहेतच. प्रयोगशाळेतले शामराव तासाच्या सुरुवातीला प्रोजेक्टर लावायचे, हजेरी घ्यायचे, आणि दाराशी स्टूल टाकून बसायचे.

मी पलीकडच्या बारा नंबरमध्ये शिकवते. मधली भिंत पातळ आहे. फळ्यावर लिहिता लिहिता मला तुझा आवाज यायचा. कुकरची शिट्टीसुद्धा यायची. आणि पलीकडे गोंगाट नव्हता. तुझ्या वर्गात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पहिले चार आठवडे मी काहीही केलं नाही, कुंदा. घरी जायचे, जेवायचे, झोपायचे. मनात म्हणायचे, बघ, मी सांगितलं होतं. एवढंच करत होते मी. याची मला लाज वाटते.

मग एका रविवारी दिलीपभाऊ घरी आले. कळमन्याच्या बाजारातल्या दुकानातून सरळ आले होते, शर्टाला धान्याची धूळ. सोबत एक शाळेची वही. म्हणाले, "विनयाताई, तिचा फोन मी चालू ठेवला. बंद करवत नाही. पण पोरं विचारूनच राहिले."

"काय विचारतात?"

"गणित. मले काय समजते त्यातलं? व्हिडिओत ते म्हणते न, समजलं नाही तर मले लिहून पाठवा. तर ते पाठवतात. फोन मी देत नाही, तिचा आवाज आहे त्याच्यात. म्हणून लिहून आणलं."

मी वही उघडली. तुझ्या नवऱ्यानं एकेक शंका हातानं उतरवली होती. मुलाचं नाव, तारीख, आणि खाली गणित. अर्थ कळत नसल्यानं त्यांनी चिन्हं चित्रासारखी काढली होती. एप्सिलॉन उलटा, इंटिग्रलची खूण एखाद्या हुकासारखी. एक चिन्ह कळलं नाही तिथं त्यांनी कंसात लिहिलं होतं, 'अशी खूण आहे, मोठी.' अठरा पानं भरली होती. मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. शोकसभेत नाही रडले, तेव्हा रडले.

दुसऱ्या दिवशी मी बारा नंबरमध्ये पोरांना एक उदाहरण घालून दिलं आणि अकरा नंबरच्या दाराशी जाऊन उभी राहिले. खोलीत अंधार होता. पडद्यावर तुझा हात, हाताखाली कॅलेंडरचं पान. तू विचारलंस, "कोणाले नाही समजलं?" आणि नेहमीसारखी थांबलीस. पेनाचं टोपण बोटांत फिरवत तुझा हात वाट पाहत होता.

तिसऱ्या बाकावरून प्रणालीनं हात वर केला.

प्रणाली तुला आठवत असेल. भिवापूरची, दोन वेण्यांची, अक्षर बारीक. ती काही वेडी नाही. तिला माहीत होतं पडद्यावर काय आहे. पण प्रश्न विचारला गेला, तिला समजलं नव्हतं, आणि तिचा हात गेला वर. पडद्यावर तू टोपण लावलंस. "बरं. चला पुढं." तुझ्या आवाजात जराही फरक नव्हता. प्रणालीनं हात हळूच खाली घेतला आणि आजूबाजूला पाहिलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

मी आत गेले आणि प्रोजेक्टर बंद केला.

शामराव उठून आले. "मॅडम, साहेबांचा ऑर्डर आहे."

"साहेबांना सांगा, विनया मॅडमनं बंद केला. खिडक्या उघडा."

खिडक्या उघडल्या. मी प्रणालीला विचारलं, "काय नाही समजलं?" ती आधी काही नाही, काही नाही म्हणाली. मी म्हटलं, "मी पाहिला तुझा हात." मग तिनं विचारलं. तिच्यानंतर मागच्या बाकावरून आणखी एकानं. मग आणखी एकीनं. चार आठवड्यांचं साचलेलं होतं सगळं. तास कधी संपला कळलं नाही. माझ्या वर्गातली पोरं मला शोधत आली आणि दाराशी, खिडकीशी उभी राहून ऐकत होती.

त्याच आठवड्यात साहेबांनी दिलीपभाऊंना बोलावलं. संमतिपत्रावर सही हवी होती, तुझे सगळे व्हिडिओ कॉलेजच्या मालकीचे म्हणून. भाऊंनी मला सोबत नेलं. साहेबांना ते आवडलं नाही, पण चहा मागवला. ते दुष्ट नाहीत, कुंदा, हे मी तुझ्यापुढेही मान्य करते. त्यांच्याकडे माणसं नाहीत, वरून उत्तरं येत नाहीत. पण ज्याला इलाज नाही, तेही ते मोठ्या शब्दांत सजवून सांगतात.

"मॅडम, जग कुठं चाललं आहे," ते मला म्हणाले. "तुमचा टेक्नॉलॉजीला विरोध आहे, मला माहीत आहे."

"माझा होता," मी म्हटलं. "कुंदाचा नव्हता. तिनं ते व्हिडिओ वर्गात माणूस असावा म्हणून केले. रटाळ भाग घरी उरकायचा आणि वर्गात पोरांजवळ बसायचं. तुम्ही तिचं अर्धंच घेतलंत."

"माणूस द्यायला माझ्याकडे मंजुरी आहे का?"

"तासिका तत्त्वावर घ्या."

"प्रस्ताव पाठवावा लागतो. आणि व्हिडिओ असताना गरज काय, असं विचारतील वरून."

दिलीपभाऊ इतका वेळ कागद वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "साहेब, मी जास्त शिकलेला नाही. याच्यात एक ओळ लिहा. हे व्हिडिओ चालतीन तिथं एक मास्तर उभा राहीन. लिहा, मी सही करतो."

"तसं लिहिता येत नाही, भाऊ. नियमात बसत नाही."

"मग माह्यानंही होत नाही," भाऊ म्हणाले. त्यांनी कागदाची नीट घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि साहेबांना नमस्कार केला. खोलीला नाव द्यायचं म्हणून साहेबांनी पाटी आधीच करून घेतली होती, ती टेबलाशेजारी भिंतीला टेकून होती. भाऊ जाताना तिच्याकडे क्षणभर पाहत राहिले. मग म्हणाले, "नाव काढून घ्या साहेब. तिले नाही आवडणार." बाहेर आल्यावर आम्ही दोघं दहा मिनिटं जिन्यावर बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी तुझा वर्ग आणि माझा वर्ग एकत्र घेतला. मोठ्या हॉलमध्ये, एकच फळा, मागच्यांना दिसत नाही म्हणून अक्षर दुप्पट. संध्याकाळी घसा बसायचा. आठ दिवसांत मला मेमो मिळाला. वेळापत्रकाचं उल्लंघन, शासकीय उपकरण परवानगीशिवाय बंद करणे, आणि प्रोजेक्टर बंद करण्याचे कारण लेखी कळवावे. मी एका ओळीचं उत्तर दिलं: वर्गात एका विद्यार्थिनीने हात वर केला होता.

आता जे सांगते त्यावर तू खुर्चीवरून पडेपर्यंत हसली असतीस. हे मी सुचवलेलं नाही, देवाशप्पथ. प्रणाली आणि तिच्या मैत्रिणींनी आपापसात ठरवलं. त्यांनी प्रत्येकीनं आपली शंका फुलस्केपवर अर्जाच्या रूपात लिहिली. 'प्रति, मा. प्राचार्य. विषय: फंक्शनची सीमा अस्तित्वात नसल्याचे सिद्ध करण्याबाबत. महोदय, वरील विषयान्वये विनंती की सोबतचे गणित मला समजलेले नाही. विषय शिक्षक नसल्याने आपणांस विचारत आहे. कृपया उत्तर द्यावे.' खाली सही, वर्ग, हजेरी क्रमांक. आणि रांग लावून सगळ्यांनी ते अर्ज आवक खिडकीवर दिले. बाबू आधी वैतागला. पण अर्ज नीट होता, विषय होता, सही होती. नाकारायचा कसा? त्यानं एकेकावर शिक्का मारून क्रमांक घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. तिसऱ्या दिवशी पोरांचीही रांग. साहेबांच्या टेबलावर गणिताचा ढीग. साहेब इतिहासाचे.

त्यांनी प्रणालीला बोलावून विचारलं, "हे काय चाललं आहे?"

ती म्हणाली, "सर, पहिले कुंदा मॅडमले पाठवत होतो. आता उत्तर येत नाही. कोणाले तरी पाठवावं लागन न."

दोन आठवड्यांनी तान्ह्या पोळ्याची सुट्टी संपवून कॉलेजात गेले, तर स्टाफरूममध्ये तुझ्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीवर एक तरुण मुलगा बसला होता. गोंदियाचा. तासिका तत्त्वावर, तूर्त या सत्रापुरता. प्रस्ताव गेला आणि चक्क मंजूर झाला. त्यानं उठून नमस्कार केला आणि घाबरत विचारलं, "मॅडम, तयारीसाठी कुंदा मॅडमचे व्हिडिओ पाहिले तर चालतीन का?" मी म्हटलं, "पाहा. सगळे पाहा. मग वर्गात जाऊन तुमचं शिकवा, आणि चुकलात तर पोरांना सांगा." तो बरा शिकवतो. तुझ्याइतका नाही. पण पलीकडून पुन्हा गोंगाट यायला लागला आहे. मला आवाज चढवावा लागतो. मी तक्रार करत नाही.

तुझे व्हिडिओ कॉलेजच्या सर्व्हरवरून उतरवले गेले, सही नव्हती म्हणून. पण ते कुठं गेलेले नाहीत. दिलीपभाऊंनी तुझ्या फोनमधले सगळे पोरांना दिले, पोरांनी पुढच्या वर्षाच्या पोरांना. ते त्यांचेच होते.

आणि इंटिग्रेशनचं प्रकरण. व्हिडिओ उतरवण्याआधी साहेबांनी मला निरोप पाठवला होता की तेवढं एक तुम्ही रेकॉर्ड करून द्या, म्हणजे मालिका पूर्ण होईल. मी म्हटलं, देणार नाही. जोवर ते प्रकरण अपुरं आहे, तोवर तुम्हाला माणूस लागेल. हे मी तोंडावर सांगितलं. ते प्रकरण मी या महिन्यात फळ्यावर शिकवलं, दोन्ही वर्गांना एकत्र, नव्या सरांना विचारून. पहिल्या बाकावर प्रणालीनं दप्तरावर फोन उभा केला होता. तिची मैत्रीण आईच्या दुखण्यामुळे पंधरा दिवस गावी अडकली होती. "मॅडम, तिच्यासाठी," ती म्हणाली. "घेऊ?"

तुला माहीत आहे मी काय म्हटलं असतं, एरवी. या वेळी मी म्हटलं, घे. आणि शिकवताना माझ्या लक्षात आलं की मी दर दोन ओळींनंतर थांबते आहे आणि सोपं म्हणून गाळायची पायरीही लिहिते आहे. एवढं मी तुझ्याकडून घेतलं. बाकी माझं मत तेच आहे. मला शिकवताना चेहरे लागतात. तुझ्याशी या विषयावर मला अजून तासभर तरी वाद घालायचा होता, आणि शेवटी तू जिंकली असतीस की मी, हे मला खरंच माहीत नाही.

मेमोचं प्रकरण मिटलेलं नाही. सोमवारी चौकशी समितीपुढे बोलावलं आहे. तीन माणसं आहेत, त्यांतले दोघं आपल्यापेक्षा कनिष्ठ. दोघांनीही कधीतरी तुझ्या डब्यातली चटणी खाल्लेली आहे, पण त्या दिवशी ते ओळख दाखवणार नाहीत. साहेबांनी माणूस पाठवून कळवलं, दिलगिरीच्या दोन ओळी लिहून द्या, फाईल बंद करतो. वार्षिक वेतनवाढ अडेल, पेन्शनच्या कागदांत खोट निघेल, कशाला या वयात? माझ्या बहिणीनंही तेच सांगितलं. दिलीपभाऊ सोमवारी दुकानातून सुट्टी घेऊन बाहेर बाकावर बसणार आहेत, नको म्हटलं तरी. पोरंही येणार आहेत. मी त्यांना ओरडून सांगितलं, कोणीही तास बुडवायचा नाही. प्रणाली म्हणाली, "मॅडम, मधल्या सुट्टीत येऊ. नियमात बसते."

दिलगिरी मी लिहून देणार नाही. समितीनं पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच उत्तर देईन, आणि कोणी मास्तराशिवाय वर्ग चालवायला निघालं तर पुन्हा तेच करीन. माझ्या नोकरीची सहा वर्षं राहिली आहेत, कुंदा. गुडघे दुखतात, तरी ती मी उभ्यानंच करणार आहे.